गाठोडं सोडून बसू या

दुपारची जेवणं उरकली की घर तासभर कुणाचंच नसतं. ती वेळ धरा. पंखा मंद करा, नाहीतर चिंध्या घरभर होतील. मग माळ्यावरचं, पलंगाखालचं किंवा कपाटाच्या डोक्यावरचं ते गाठोडं खाली घ्या. कोणतं, ते सांगायला नको. ज्या घरात कुणीतरी गोधडी शिवतं, किंवा ‘शिवणार आहे’ असं बरीच वर्षं म्हणतं, त्या घरातल्या प्रत्येकाचं डोकं एकदा तरी त्या गाठोड्याला आपटलेलं असतं.

लगेच सोडू नका. समोर ठेवा, मांडी घाला, दोन्ही तळहात त्याच्यावर टेका. डोळे मिटावेसे वाटले तर मिटा. श्वास मोजायला मी सांगणार नाही; पुढे चिंध्या मोजायच्या आहेत, तेवढं पुरे. हाताखाली काय लागतंय तेवढं बघा. मऊ आहे, पण सगळीकडे सारखं मऊ नाही. कुठे काठाची कडक शिवण लागते, कुठे सदऱ्याचं बटण टोचतं, कुठे काहीतरी बुळबुळीत सरकून जातं. ती नायलॉनची साडी, तिच्याबद्दल पुढे बोलू. आता गाठीवर बोट ठेवा. ही गाठ शेवटची कुणी मारली? मारताना काय म्हणाली होती? बहुतेक ‘सुट्टीत बघू’ असंच म्हणाली असेल.

बसायला जागा म्हणून आपण मनाने फोपनारला जाऊ. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं, ताप्तीच्या खोऱ्यातलं हे गाव. राज्य मध्य प्रदेश, पण पलीकडे जळगाव जिल्ह्यातला रावेर तालुका लागतो, आणि या पट्ट्यात ओट्यावरच्या गप्पांत मराठी, हिंदी, निमाडी, खानदेशी यांची अशी सरमिसळ असते की कोणता शब्द कुठून आला हे विचारायला कुणाला सवड नसते. भोवती केळी आणि कापूस. बुऱ्हाणपूर शहर तर कापडावरच मोठं झालं. सतराव्या शतकात ताव्हेर्निए हा फ्रेंच व्यापारी तिथून गेला, तेव्हा इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जातं असं त्याने लिहून ठेवलं. आजही शहरात हजारो यंत्रमाग आहेत. आणि जिथे कापड निघतं तिथे कातरण निघतेच. थान पोलंडला गेलं असेल. तुकडे इथेच कुणाच्या तरी गाठोड्यात राहिले असणार.

उन्हाळ्यात इथला पारा 45 अंशांच्या घरात जातो. दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नसते. शेतातली घाई ओसरलेली असते आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असतात. खानदेशात आखाजीचं नाव काढलं की झोके आणि गाणी आठवतात, पण झोक्यावर दिवसभर कुणी बसत नाही. उरलेल्या वेळात घरातली थोरली बाई हळूच म्हणते, ‘आल्याच आहात तर जरा ते गाठोडं काढा.’ गोधडीला सारवलेली मोकळी जमीन लागते आणि मोकळे हात लागतात, ते याच दिवसांत मिळतात. मोकळं तोंडही लागतं. ते वर्षभर मिळतं, पण ऐकायला चार जणी असल्या तर त्याला रंग चढतो.

आता गाठ सोडा.

जे बाहेर येईल ते येऊ द्या. आवरू नका. घड्या घालायला हात शिवशिवतील, त्यांना मांडीवर ठेवा. आजच्या बैठकीत कठीण काय असेल तर हेच. पसारा समोर असताना त्याला नुसतं बघायचं. लुगड्याचा पदर, धोतराचं उभं पान, परकराचा घेर, शाळेचा निळा सदरा, एका चादरीचा अर्धा भाग. दुसरा अर्धा कुठे गेला, हा प्रश्न आज विचारायचा नाही.

एक तुकडा उचला. पहिला हाताला लागेल तो. बोटांत चोळा. सुती असेल तर लगेच कळतं. शंभर धुण्यांनंतर सुताला जो मऊपणा येतो तो दुकानात विकत मिळत नाही, म्हणून तर तान्ह्या बाळाचं दुपटं आजीच्या जुन्या लुगड्याचं शिवतात. नव्या कापडाची खळ बाळाच्या अंगाला टोचते. आता दुसरा तुकडा उचला, तो सरकणारा. टेरिकॉट, नायलॉन, पॉलिएस्टर. रंग अजून कालचा असल्यासारखा, फाटायला तयार नाही, विटायला तयार नाही, आणि घाम म्हणाल तर थेंबभर पिणार नाही. सुई त्यातून जाताना कुरकुरते. दोन्ही हातांत दोन तुकडे धरून थोडा वेळ बसा. एक झिजून कामाचा झाला आहे. दुसरा जसाच्या तसा आहे, आणि त्याचं काय करावं हे कुणालाच कळलेलं नाही.

यावरून काही शिकवण काढायचा मोह होतोय ना? सोडून द्या. पुढचा तुकडा घ्या.

हसायला सुरुवात इथून होते. कारण पुढचं जे हाताला लागेल, ते बहुतेक कापड नसेल. ते अर्धं शिवलेलं काम असेल. कडेने चार ओळी दोरा घातलेला, मग कुणाला ताप आला, कुणाचं लग्न निघालं, पाऊस आला, आणि सुई तिथेच टोचून ठेवली. सुई गंजलीसुद्धा. उचला ते. अंगावर घ्या हवं तर. कुणासाठी होतं? भाच्याच्या बाळंतविड्यातलं दुपटं असेल. तो भाचा आता दहावीला आहे, मिशा फुटताहेत.

अमेरिकेत गोधडी शिवणं हा फार मोठा छंद आहे. तिथल्या शिवणाऱ्यांनी अशा कामाला नाव दिलंय, यूएफओ. उडती तबकडी नव्हे. न संपलेल्या वस्तूची इंग्रजी आद्याक्षरं. अर्ध्यावर राहिलेलं काम म्हणजे पीएचडी, हाही त्यांचाच विनोद, आणि खरी पीएचडी करणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. घातलेले टाके उसवायला त्या बेडूक म्हणतात, कारण उसवताना इंग्रजीत जे म्हणावं ते ‘रिप इट, रिप इट’ त्यांना डबक्यातल्या डरावडरावसारखं वाटतं. आणि एक शब्द आहे सेबल. हाही आद्याक्षरांचाच: उरलेल्या आयुष्यात शिवून संपणार नाही इतका कापडाचा साठा.

आपल्याकडे आद्याक्षरांची गरज पडली नाही. आपण म्हणतो, भिजत घोंगडं. आणि ते शिवणाऱ्यांपुरतं ठेवलं नाही. जमिनीच्या वाटणीचा दावा, पंचायतीतला ठराव, धाकट्याचं लग्न, घराच्या मागच्या खोलीचा गिलावा, सगळी घोंगडीच, सगळी भिजत पडलेली. उन्हात टाकायला कुणी उठत नाही.

गोधडीच्या भोवतीची चेष्टा वेगळी, ती टाक्यावरून चालते. ‘हा टाका आहे का नांगराचं तास?’ लांब दोरा ओवणारीला, ‘एवढा दोरा सासरी पोचेल ना गं?’ आणि सैल, लांब टाका दिसला की तिथे हमखास जोडव्यांचा विषय निघतो. लांब टाक्यात झोपेत पायाची बोटं अडकतात, जोडवी अडकतात. एकदा अडकली की माणूस रात्री पाण्याला उठतं ते गोधडी ओढतच उठतं. मग सगळ्या त्या बाईच्या नवऱ्याबद्दल जे बोलतात ते इथे लिहिता येत नाही. पण बघा, चेष्टेत धडा पक्का होतो. टाका किती लहान असावा हे इंचात कुणी सांगितलेलं नसतं. बोट अडकू नये इतका, एवढंच नवी पोर त्या हसण्यातून शिकते.

आता पुन्हा सेबलकडे या. हा शब्द हळू घ्या.

आयुष्य पुरणार नाही इतकं कापड. हसलात? मलाही हसू येतं. आता हसू ओसरू द्या आणि ढिगाकडे बघा. या विनोदात मरण बसलं आहे. ते कुणी उघड बोलत नाही, म्हणून चेष्टेच्या घडीत घालून ठेवतात. समोर जेवढं कापड आहे त्याच्या किती गोधड्या होतील? साधा हिशेब करा. एका मोठ्या गोधडीला वर-खाली धरून दोन-तीन साड्या आणि आत पसरायला चिंध्या जातात. हातशिलाईला, रोज दुपारी थोडं बसलं तरी, महिना-दीड महिना सहज जातो. आणि गोधडीचा मोसम वर्षाला एकदा येतो. आकडा मनात मांडा. मांडून झाला की त्याच्यासोबत बसा. घाबरायचं कारण नाही. आकडा कापडाचा आहे, तुमचा नाही.

ज्या बाईने हे गाठोडं बांधलं ती आता नसेल, असंही होऊ शकतं. मग हा साठा तिच्या आयुष्याला पुरून उरला. तिने एकेक तुकडा ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवला होता. चिंधीचोर म्हणून तिची चेष्टा झाली असेल. तिचा पदर या ढिगात असेल तर तो शोधा, वेगळा काढा, मांडीवर ठेवा. घाई नाही.

फोपनारला बसलोय तर गावाच्या जमिनीखालचं बोलणं टाळता येत नाही. 1964 साली या गावात बुद्धाच्या कांस्यमूर्तींचा ठेवा सापडला. सात मूर्ती, वाकाटक काळाच्या आसपासच्या, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातल्या. काहींच्या पीठावर दान देणाऱ्यांचे लेख कोरलेले आहेत. आज त्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. अजिंठ्याची लेणी कोरली जात होती त्याच युगातल्या या मूर्ती, आणि अजिंठा इथून फार लांबही नाही. मूर्तीतला बुद्ध चीवर पांघरून उभा आहे. धातूत ते चीवर सलग, नितळ दिसतं. पण भिक्खूचं खरं चीवर कसं असायचं हे ठाऊक असलं, तर गाठोड्यासमोर बसलेल्या माणसाला त्या मूर्तीत आपलाच कुणीतरी दिसेल.

चीवर म्हणजे तुकड्यांचं वस्त्र. भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, विनयपिटकात, त्याची गोष्ट आहे. राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जाताना बुद्धांना मगधातली शेतं दिसली, बांध घातलेली, लांब पट्ट्यांची, चौकोनी. त्यांनी आपल्या शिष्याला, आनंदाला विचारलं, भिक्खूंची चीवरं अशी करता येतील का? आनंदाने करून दाखवली. आणि मग आनंदाचं कौतुक होतं ते कशावरून, तर त्याला प्रत्येक तुकडा कुठला ते कळतं यावरून. बांधाची पट्टी ती कुसि, अर्धी ती अड्ढकुसि, मधला तुकडा मंडल, त्याहून लहान अड्ढमंडल, मानेपाशी येणारा गीवेय्यक, पोटरीपाशी येणारा जंघेय्यक, हातावर येणारा बाहन्त. शिवणाऱ्यांची परिभाषा इतकी जुनी आहे. कापून जोडलेल्या वस्त्राचा आणखी एक फायदाही तिथे सांगितलाय: ते चोरांच्या कामाचं राहत नाही. आपल्या गाठोड्यालाही आजवर कुणी चोराने हात लावलेला नाही, हे लक्षात घ्या.

विनयपिटकातल्याच चुल्लवग्गात तर शिवणाच्या सामानावरच मोठा मजकूर आहे आणि तो वाचताना मला खरोखर हसू आवरत नाही. सुया गंजू लागल्या, मग सुईची नळी ठेवायला परवानगी. नळीतही गंजल्या, मग नळीत पीठ, भुकटी, मेण घालून बघा. टाके लहान-मोठे येऊ लागले, मग खुणेची परवानगी. ओळ वाकडी जाऊ लागली, मग आधी खोटा दोरा घालून घ्या. त्याला मोघसुत्तक म्हणत, आपण कच्चा टाका म्हणतो. बोटाला सुई टोचू लागली, मग अंगुस्तान. आणि अंगुस्तानाची परवानगी मिळताच काही भिक्खूंनी सोन्या-चांदीची करून घेतली, लोक नावं ठेवू लागले, तेव्हा हाड, शिंग, बांबू, लाकूड, लाख, शंख असलं चालेल म्हणून सांगावं लागलं. मग सुया, कात्र्या, अंगुस्तानं हरवू लागली, तर ती ठेवायला भांडं आणि पिशवी. ज्यांनी घर सोडलं, केस उतरवले, सगळ्या वस्तूंचा त्याग केला, त्यांच्याही सुया हरवत होत्या. आपल्या डब्यात सुई सापडत नाही म्हणून फार मनाला लावून घेऊ नये.

याच ग्रंथात शेवटाकडे एक प्रसंग आहे, त्यापाशी आज जरा थांबू. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे उत्तरासंग, म्हणजे वरची वस्त्रं, दान दिली. राजा वैतागला. एवढ्या वस्त्रांचं हा भिक्खू करणार काय, दुकान टाकणार? तो विचारायला आला. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं जीर्ण झाली आहेत त्यांना देऊ. मग त्या जीर्ण चीवरांचं काय? पांघरणं, पासोड्या करू. जुन्या पासोड्यांचं? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचं? जमिनीवरची अंथरणं. त्या अंथरणांचं? पायपुसणी. पायपुसण्यांचं? धूळ झटकायची फडकी. आणि ती फडकीही फाटली की? कुटून, चिखलात कालवून त्यानेच जमीन सारवू.

ही उतरंड तुमच्या घरातली आहे हे ओळखलंत ना. लुगडं नेसायचं, विरलं की घरात नेसायचं, मग गोधडीच्या वर, दुसऱ्या फेरीत गोधडीच्या आत, मऊ भाग काढून दुपटं, उरलेलं पायपुसणं, आणि शेवटी शेणाने सारवायचं पोतेरं. पोतेरं म्हणून त्याची गती संपली. कुठेही अडलं नाही, कुठेही माळ्यावर बसलं नाही. राजाला उत्तर इतकं पटलं की त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली, म्हणजे साठा काही कमी झाला नाही, पण प्रत्येक धाग्याची पुढची पायरी ठरलेली होती.

आपल्या गाठोड्याचं दुखणं इथे आहे. कापड फार झालंय असं आपल्याला वाटतं. जड झालंय ते न ठरवलेलं. प्रत्येक चिंधी एका पायरीवर थांबून विचारते आहे, मी आता काय? आणि आपण दर वेळी गाठ मारून सांगतो, बघू.

तर आता हात सोडवा. ठरवायला सुरुवात करू. एक तुकडा उचलायचा, बोटांत चोळायचा, त्याची पायरी मनातल्या मनात नाही, तोंडाने सांगायची. ‘वर.’ ‘आत.’ ‘दुपटं.’ ‘पुसणं.’ ‘पोतेरं.’ ऐकायला कुणी असलं तर उत्तम, चेष्टा होईल. एकटे असलात तरी बोला. तोंडाने पोतेरं म्हटल्यावर तो तुकडा पुन्हा घडी करून ठेवणं जरा अवघड जातं.

काही तुकड्यांपाशी जीभ अडेल. अडू द्या. त्यांचा एक वेगळा ढीग करा आणि त्याला चांगलं चेष्टेचं नाव द्या. मी ‘बघू-बघू’ म्हणते. तुम्ही ‘पंचायत’ म्हणा, ‘मुंबईचा निकाल’ म्हणा, काहीही. नाव मिळालं की अडलेलं काम थोडं आपलं वाटू लागतं, आणि त्याची लाज कमी होते. त्या अमेरिकन बायकांनी ते बरोबर ओळखलं आहे. फक्त हा ढीग वाढत वाढत मूळ गाठोड्याएवढा झाला, तर तुम्ही नुसता पसारा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेलाय.

हात चालू असताना काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते, मनन बिघडणार नाही. बटणं आणि हुक आधीच काढून डब्यात टाका. काठ वेगळे काढा. कडेच्या गोटाला ते उपयोगी पडतात आणि आत राहिले तर टोचतात. कोरं कापड जुन्यासोबत शिवायचं असेल तर आधी धुऊन वाळवून घ्या. कोरं कापड पाण्यात आटतं, आटताना शेजारच्या विरलेल्या कापडाला ओढतं, आणि फाटतं ते जुनंच. सासर-माहेरच्या गोष्टी इथे कुणाला आठवल्या तर आठवू द्या. ठेवणीतलं कापड ऊन दाखवून, पूर्ण थंड करून, कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यासकट बांधा. आणि सुया मोजा. बैठकीच्या आधी मोजा, नंतर मोजा. गप्पांत सुई गोधडीत राहून जाते, आणि ती सापडते तेव्हा डोळ्यांना सापडत नाही. लहान मुलाच्या दुपट्याला तर शेवटी तळहात दाबून, इंच न् इंच चाचपून बघायचं. मला विचाराल तर या सगळ्या कामात सगळ्यात एकाग्र क्षण तो असतो. तेव्हा चेष्टा आपोआप थांबते.

आता एवढं करून झालं असेल तर शेवटची गोष्ट. ते अर्धवट दुपटं घ्या, गंजकी सुई टोचलेलं. गंजकी सुई जपून ओढून काढा, नवी ओवा. दोरा हातभर, जास्त नको, गुंतेल, आणि चेष्टेची सोय होईल. जमिनीवर बसा. गोधडी कडेकडेने शिवत शिवत आत जाते. एक वेढा पुरा झाला की दुसरा त्याच्या आतून. मोठ्या गोधडीत शिवणारी शेवटी गोधडीवरच बसलेली असते. तुमची आधीची ओळ जिथे थांबली ती जागा बघा. तिच्या शेजारी सुई खुपसा. खाली, वर. पुन्हा खाली, वर.

जुने टाके आणि नवे टाके सारखे येणार नाहीत. तेव्हा तुमचा हात वेगळा होता, डोळे वेगळे होते, आणि तापाने फणफणलेलं पोर शेजारी होतं. त्यामुळे बेडूक होऊन सगळं उसवत बसू नका. फरक दिसू द्या. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका कवंदी नावाच्या गोधड्या शिवतात, त्यांच्याकडे कोपऱ्यांवर तुकड्यांचं त्रिकोणी फूल बसवल्याशिवाय गोधडी पुरी झाली असं मानत नाहीत. ते नसेल तर गोधडी उघडी समजतात. म्हणजे पुरं कधी झालं हे तिथे आधीच ठरलेलं आहे. तुमच्या दुपट्याला पुरं कशाने म्हणायचं, ते आत्ता, दोरा हातात असताना ठरवा. अजून चार ओळी? कडेला एक गोट? ठरलं की तेवढंच करायचं. जास्त नाही.

टाका घालत राहा. मन ढिगाकडे जाईल, ‘बघू-बघू’कडे जाईल, संध्याकाळच्या भाजीकडे जाईल. त्याला बळजबरीने आणू नका. सुई वर आली की ते आपोआप परत येतं, नाही आलं तर बोटाला टोचून आणेल. एक वेढा पुरा झाला की दोऱ्याला गाठ मारा आणि दात न वापरता कात्रीने तोडा. आजचं एवढंच.

गाडगेबाबांना लोक गोधडेबाबाही म्हणत, कारण अंगावर ठिगळांचं वस्त्र असायचं. 1876 ला जन्मलेला आणि 1956 ला गेलेला हा माणूस घर सोडल्यावर तुकड्यांतच राहिला. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण एका दुपारी एका गाठोड्याची वाटणी जमते. ठरलेल्या तुकड्यांची घडी घाला. पोतेरं आजच बादलीत टाका, उद्यावर ठेवलंत तर रात्रीत ते पुन्हा ‘लागेल कधीतरी’ होतं. दुपटं पुरं झालं की त्या दहावीतल्या भाच्याला द्या. तो लाजेल, पण थंडीत उशीला गुंडाळेल. आणि टेरिकॉट गोधडीच्या आत घालू नका, त्याच्या पिशव्या शिवा.

तुमच्या हिशेबात जे सुती कापड आयुष्याला पुरून उरतंय, ते येत्या आखाजीला शेजारणीला द्या. तिच्याकडेही गाठोडं असेल. तरी द्या.